खोडातलं पाणी जमिनीतल्या कुठल्याच पाण्याशी जुळत नाही? आधी बिंदू कुठे सरकलाय ते बघा

दरवर्षी एप्रिल-मे आला की मला त्याच अर्थाचे फोन येतात. कुणीतरी एमएस्सीचा प्रकल्प करतंय, कुणी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून फांद्या आणल्या, तीन खोलींवरची माती आणली, पाड्यावरच्या विहिरीचं पाणी आणलं, गेल्या पावसाळ्यातलं पावसाचं पाणी फ्रीजमध्ये होतंच. सगळ्यातलं ऑक्सिजन-१८ आणि ड्यूटेरियम मोजून झालं. आता आलेखावर माती एकीकडे, विहीर एकीकडे, पाऊस तिसरीकडे आणि झाडाचा बिंदू या सगळ्यांच्या बाहेर, अधांतरी. "मॅडम, हे झाड पाणी पितं तरी कुठून?"

पुढचं वाक्य बहुतेक वेळा असं असतं: "बहुतेक खोल भूजल असणार, ज्याचा नमुना आम्ही घेतलेला नाही." इथेच थांबा. झाडाच्या मुळांना तीस मीटर खाली पाठवण्याआधी आपल्या बाटलीचं झाकण बघा. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात या कामाची छोटी प्रयोगशाळा सांभाळते. माती-फांद्यांतलं पाणी काढण्याची काचेची निर्वात लाईन आमच्याकडे आहे, मोजणी बाहेर करून घेतो. ही अडचण मी इतक्यांदा पाहिलीय, आणि पहिल्यांदा स्वतःच करून पाहिलीय, की आता तपासाचा एक क्रमच ठरून गेलाय. तो इथे लिहून ठेवते, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगायला नको.

थोडी उजळणी. पाण्याच्या बहुतेक रेणूंत ऑक्सिजन-१६ असतो, ५०० रेणूंमागे एखाद्यात त्याचा जड भाऊ, म्हणजे समस्थानिक, ऑक्सिजन-१८. जड हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम त्याहून विरळा, दहा लाख हायड्रोजनमागे १५६च्या आसपास. आपण हे प्रमाण थेट लिहीत नाही. समुद्राच्या पाण्याच्या ठरलेल्या मानकापेक्षा ते किती कमी-जास्त आहे ते दर हजारी लिहितो, त्याला डेल्टा म्हणतो. १९६१ साली हार्मन क्रेग यांनी जगभरच्या गोड्या पाण्याचे नमुने मांडून दाखवलं की पावसाचं पाणी साधारण एका सरळ रेषेवर बसतं: हायड्रोजनचा डेल्टा = ८ × ऑक्सिजनचा डेल्टा + १०. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, डान्सगार्ड यांनी त्यातूनच 'डी-एक्सेस' हे माप दिलं: हायड्रोजनच्या डेल्टामधून ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट वजा करायची. रेषेवरच्या पाण्याला उत्तर दहाच्या आसपास येतं.

समजा ऑक्सिजन उणे २ आणि हायड्रोजन उणे ६ आहे. डी-एक्सेस १०. ठीक. आता हेच पाणी थोडं उडालं. बाष्पीभवनात दोन्ही आकडे वाढतात, पण आठाच्या नाही तर चार ते सहाच्या उताराने. उतार पाच धरला आणि ऑक्सिजन दोनने वर गेला, तर ऑक्सिजन शून्य, हायड्रोजन अधिक ४, डी-एक्सेस ४. दहाचे चार झाले. हा हिशोब हातात असला की अर्धी लढाई जिंकली.

मूळही सहसा पाणी जसंच्या तसं उचलतं, हलकं-जड निवडत नाही. सगळी पद्धत याच गृहीतावर उभी आहे. (हे कुठे फसतं, ते पुढे येतंय.) म्हणून लाकडातलं पाणी हे स्रोतांच्या मिश्रणाच्या आतच पडलं पाहिजे. बाहेर पडलं तर बहुधा झाड आणि यंत्र यांच्यामध्ये कुठेतरी पाणी बदललं. कुठे बदललं, ते बिंदू कोणत्या दिशेला सरकलाय यावरून बऱ्याचदा कळतं. म्हणून सगळ्यात आधी आकड्यांचा तक्ता बंद करा आणि आलेख काढा: आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा डेल्टा, उभ्या अक्षावर हायड्रोजनचा. पावसाची रेषा ओढा. स्थानिक रेषा नसेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांच्या पावसाच्या नोंदी १९६०च्या दशकापासूनच्या आहेत, जुन्या नोंदींत मुंबईही आहे. तिथून सुरुवात करता येते.

बिंदू उजवीकडे वर सरकलाय, डी-एक्सेस कमी

दहातली सात प्रकरणं हीच. पाणी उडालंय. प्रश्न इतकाच, की कुठे.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी येऊरहून नमुने आणले ते स्कूटरच्या डिकीतून. काचेच्या कुप्या, स्क्रूची झाकणं, वरून पॅराफिल्म, म्हणजे ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी, गुंडाळलेली, अगदी शहाण्यासारखी. घोडबंदर रोडला कसलंसं काम चालू होतं, तासभर तिथेच उन्हात उभी. घरी येऊन डिकी उघडली तर पॅराफिल्म मऊ होऊन सुटलेली आणि कुप्यांना चिकटून लोंबत होती. कुपी बाहेरून कोरडी, आतून नेहमीसारखी दिसत होती. नमुने टाकून द्यायला जीव होईना, म्हणून मोजले. मातीचे सगळे बिंदू रेषेपासून उजवीकडे, एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे.

पॅराफिल्म हे सील नाही. ती झाकण सैल होऊ नये म्हणून आहे, वाफ अडवायला नाही. झिपलॉकची पिशवीही वाफ अडवत नाही. मातीचे नमुने झिपलॉकमध्ये आठवडाभर ठेवून मग पाणी काढणारे लोक मला अजूनही भेटतात.

आता कुणी लक्षात घेत नाही असा मुद्दा. झाकण तेच, गळती तीच, पण मार सारखा बसत नाही. १२ मिलिलीटरच्या भरलेल्या कुपीतून ०.१ ग्रॅम वाफ गेली तर एक टक्काही नाही. तीच ०.१ ग्रॅम एप्रिलच्या वीस ग्रॅम मातीतून गेली, तर? त्या मातीत पाणी असेल दोन ग्रॅम. म्हणजे पाच टक्के गेलं. म्हणून विहिरीचं पाणी आणि पावसाचं पाणी छान जुळतं, आणि माती नि फांद्या बिनसतात. विहिरीचे आकडे बरोबर आले म्हणून कुप्या चांगल्या आहेत असं धरू नका.

तपासायची रीत बिनखर्चाची आहे. दहा कुप्या घ्या, प्रत्येकीत दोन ग्रॅम नळाचं पाणी, झाकणं नेहमी लावता तशीच लावा, वजन करा. पाच फ्रीजमध्ये, पाच टेबलावर. महिन्याने पुन्हा वजन करा. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा प्रत्येक रसायनशास्त्र विभागात असतो, मागून घ्या. वीस मिलिग्रॅम कमी झालं म्हणजे एक टक्का. एवढ्यानेसुद्धा ऑक्सिजनचा आकडा दर हजारीच्या काही दशांशांनी सरकू शकतो, आणि यंत्राची स्वतःची चूक ०.१च्या आसपास असते. आम्ही ही चाचणी केली तेव्हा एकाच खोक्यातली काही झाकणं ठीक निघाली, काहींचं आतलं रबर पहिल्यापासूनच दबलेलं होतं. तेव्हापासून एकदा वापरलेलं झाकण नमुन्याला पुन्हा लावत नाही. पैसे जातात, जाऊ देत.

आणि प्रत्येक नमुन्याची कुपी शेतातून-जंगलातून आल्याबरोबर तोलून ठेवा, पाणी काढायच्या आधी पुन्हा तोला. हा एक रकाना तुमच्या वहीत असता, तर मला फोन करायची वेळ आली नसती.

फ्रीजमधून काढलेल्या कुपीच्या झाकणाला आतून थेंब लागलेले दिसतात. ते थेंब वाफेचे, म्हणजे खालच्या पाण्यापेक्षा हलके. कुपी तशीच उघडून ड्रॉपरने खालचं पाणी घेतलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने हलका भाग वेगळा केला. कुपी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, उलटीसुलटी करा, झाकणावर टिचकी मारा, मग उघडा. पाचच मिनिटांचं काम आहे, पण साडेपाचला लॅब बंद होणार असली की हेच पहिलं सुटतं.

बर्फाच्या डब्याबद्दल एकच वाक्य: खुला बर्फ नको, वितळलेलं पाणी झाकणाच्या आट्यात शिरतं, जेलच्या थंड पिशव्या वापरा.

आता फांदी. कोवळी हिरवी फांदी घेऊ नका, तिच्या सालीतून पाणी उडतं. करंगळीएवढी, तपकिरी साल धरलेली फांदी घ्या, साल पटकन सोला, कारण सालीखालच्या थरात पानांकडून आलेलं जड पाणी मिसळलेलं असतं. तुकडे थेट कुपीत टाका, कुपी गच्च भरा. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. एकाने कापायचं, दुसऱ्याने झाकण हातात धरून उभं राहायचं. गप्पा नंतर. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधली, झाड पाणी ओढत असताना.

झाड पाणी ओढत असताना, हे महत्त्वाचं. दुसऱ्या वर्षी आम्ही सागाच्या फांद्या तोडायला निघालो होतो. पाड्यावरचे काका बरोबर होते, वाट दाखवायला. ते म्हणाले, "ताई, साग झोपलाय आता. त्याचं काय घेता? कुसुमाचं घ्या, बघा लाल पालवी आलीय." मी म्हटलं, आमच्या यादीत साग आहे. घेतला. सागाचे बिंदू असे काही उजवीकडे गेले की विचारू नका. निष्पर्ण झाड पाणी ओढत नाही. खोडात अडकून पडलेलं पाणी सालीतून हळूहळू उडत राहतं आणि जड होतं. त्या पाण्यावरून झाड कुठून पितं ते कळणार नाही, कारण ते पीतच नाहीये. काकांना हे समस्थानिकांशिवाय माहीत होतं. उन्हाळ्यात पान धरून असलेलं झाड निवडा: जांभूळ, आंबा, करंज, कुसुम.

पावसाचा डबाही याच सदरात मोडतो. सोसायटीच्या गच्चीवर कॅन आणि वर फनेल, एवढ्यावर महिनाभराचं पाणी टिकत नाही. फनेलपासून एक नळी कॅनच्या तळापर्यंत न्या, म्हणजे हवेला उघडं पाणी फक्त नळीच्या तोंडाएवढं राहतं. हवा आत-बाहेर व्हायला एक लांब बारीक नळी वेगळी. पूर्वी वरून पॅराफिन तेलाचा थर द्यायचे. लेझरच्या यंत्रात मोजणार असाल तर ते तेल टाळा.

आणि कॅनचा आकार हिशोबाने घ्या. दहा सेंटिमीटर व्यासाच्या फनेलचं तोंड ७८.५ चौरस सेंटिमीटर. ठाण्यात जुलैत ८०० मिलिमीटर सहज पडतो. म्हणजे ६.३ लीटर. तुमचा कॅन पाच लीटरचा असेल तर महिना संपायच्या आधी भरून वाहिला, आणि उरलेलं पाणी जुलैचं सरासरी पाणी नाही. पाऊस जास्त पडला की पाणी हलकं होतं, हा उष्ण प्रदेशातल्या पावसाचा ओळखीचा स्वभाव आहे, त्यामुळे चूक एका बाजूलाच झुकते. जून-जुलैत आठवड्याला कॅन बदला.

बिंदू डावीकडे खाली, डी-एक्सेस वाढलेला

हे उलट प्रकरण. इथे पाणी उडालं नाही, पूर्ण निघालंच नाही.

निर्वात लाईनमध्ये नमुना शंभर अंशांच्या आसपास तापवतो आणि वाफ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतो. आधी हलके रेणू येतात, जड मागे राहतात. शेवटचा थेंब यायच्या आत नळी बंद केली तर हातात हलकं पाणी. सरकण्याचा उतार पुन्हा पाच-सहाच, पण दिशा उलट, म्हणून डी-एक्सेस वाढतो. बारा-चौदा दिसला आणि तुमच्या पावसात तो दहाच असेल, तर लाईनकडे बघा.

वेळेचा जुना अंदाज असा आहे: वाळूला ३० मिनिटं, चिकण मातीला ४०, लाकडाला तासभर ते सव्वा तास. मी याला किमान समजते. आपल्या बाजूची माती बेसाल्टची, आणि खाडीकाठची तर लोण्यासारखी चिकण. तिच्या थरांच्या आत पाणी घट्ट धरलेलं असतं. वेळ पाहून थांबू नका, वजन पाहून थांबा. पाणी काढून झालेला नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवा. वजन आणखी उतरलं तर तेवढं पाणी तुम्ही मागे ठेवलं होतं. ९८ टक्क्यांच्या खाली निघालेला नमुना मी आलेखात घेतच नाही.

दुसरं, नायट्रोजनची पातळी. फ्लास्कमधला नायट्रोजन उडत असतो, नळीचा गोठलेला भाग हळूच वर उघडा पडतो आणि पंप ती वाफ ओढून नेतो. दर दहा मिनिटांनी बघा. चहाला जायचं असेल तर आळीपाळीने जा.

फक्त हायड्रोजन खाली, ऑक्सिजन जागेवर

इथे बरेच जण फसतात, कारण डी-एक्सेस कमी झालेला दिसतो आणि ते लगेच "बाष्पीभवन" म्हणून मोकळे होतात. बाष्पीभवन झालं तर ऑक्सिजनही वर गेला असता. तो हललेला नाही. बिंदू सरळ खाली पडलाय, उजवीकडे नाही. म्हणूनच सुरुवातीला आलेख काढायला सांगितला, नुसता डी-एक्सेसचा रकाना बघून हे कळत नाही.

कारणं दोन. पहिलं, काढण्याची पद्धतच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की खोडाचं पाणी असं तापवून काढलं तर हायड्रोजनचा डेल्टा सरासरी आठाच्या आसपास खाली येतो. तापवताना लाकडातल्या सेंद्रिय रेणूंचे हायड्रोजन आणि पाण्याचे हायड्रोजन यांची अदलाबदल होते. तुकड्यात पाणी जितकं कमी, तितका हा परिणाम मोठा. म्हणजे त्याआधीच्या कित्येक वर्षांत ज्यांनी "झाडं वेगळंच पाणी पितात" असे निष्कर्ष काढले, त्यांतल्या काहींनी खरं तर स्वतःच्या लाईनचाच अभ्यास केला असणार. हे माझं मत, पण मी त्यावर ठाम आहे. उपाय: लाकडाचा नमुना मोठा घ्या, आणि एकाच प्रकारच्या लाकडाचे तुकडे पूर्ण वाळवून, ज्याचा डेल्टा आपल्याला माहीत आहे असं पाणी त्यांना पाजा, मग तेच पाणी काढून बघा किती खाली येतं. मग निष्कर्ष ऑक्सिजनवर बेतलेले बरे.

दुसरं कारण खास आपल्या खाडीचं. ऐरोलीच्या किंवा विटाव्याच्या बाजूला तिवरांवर काम करत असाल तर 'मूळ पाणी जसंच्या तसं उचलतं' हे गृहीत सोडून द्या. तिवर मुळाशीच मीठ गाळतं, आणि या गाळण्यात जड हायड्रोजन काही प्रमाणात बाहेरच राहतो. लिन आणि स्टर्नबर्ग यांनी १९९३ मध्ये किनाऱ्यावरच्या वनस्पतींत हे दाखवलं. म्हणजे इथे नमुना चुकलेला नाही, यंत्र चुकलेलं नाही, झाडच तसं आहे. खाडीत ऑक्सिजनवरूनच हिशोब करा. आणि फांदी तोडायच्या आधी कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या, ती बॅगेत ठेवा, मोबाईलमध्ये नको, खाडीत मोबाईल चिखलात पडतो. येऊरलाही वनखात्याची परवानगी लागतेच.

बिंदू कुठल्याच दिशेला नाही, वेडेवाकडे

एक कुपी वीस वर, दुसरी पंधरा खाली, एकाच झाडाच्या. लेझरच्या यंत्रात मोजलं असेल तर सेंद्रिय भेसळ. वनस्पतीतून पाण्याबरोबर मिथेनॉल, इथेनॉल यांसारखे पदार्थही निघतात. लेझर ज्या तरंगलांबीवर पाणी मोजतो, तिथेच हे पदार्थ लुडबुड करतात, आणि यंत्र बिचारं त्यांना पाणी समजून आकडा देतं. बऱ्याच यंत्रांसोबत स्पेक्ट्रम तपासणारं सॉफ्टवेअर येतं, ते चालू आहे का आणि त्याने इशारा दिलाय का, ते मोजून देणाऱ्यांना विचारा. नुसते आकडे पाठवतात, इशाऱ्यांचा रकाना गाळतात, असं माझ्या बाबतीत एकदा झालंय. शंका आली तर तेच पाणी मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानावरून वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर) करून घ्या, तिथे हा त्रास जवळपास नसतो. सक्रिय कोळशाने थोडं साफ होतं, पूर्ण नाही.

आमच्या गच्चीवरचा ऑगस्टचा पाऊस एका वर्षी असाच वेडा आला होता. पावसात कुठलं मिथेनॉल? लाईन तपासली, मानकं तपासली, मोजणाऱ्यांशी वाद घातला. शेवटी वॉचमनकाकांना सहज विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या डब्यात पाणी साचलेलं होतं ना, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डास होतील म्हणून रॉकेल ओतलं." आजच्या काळात त्यांनी रॉकेल मिळवलं कुठून हाच खरा शोधाचा विषय. त्यानंतर कॅनवर पाटी आहे: 'हे पाणी परीक्षेला जाणार आहे, हात लावू नये.' सोसायटीतली मुलं तिच्यावर अजून हसतात, पण हात लावत नाहीत.

सगळेच बिंदू एका बाजूला

माती, विहीर, पाऊस, झाड, सगळ्यांचं एकमेकांशी नातं ठीक, पण अख्खा गठ्ठा सरकलेला. हे यंत्राचं किंवा मानकांचं. रोजच्या वापरातलं मानक पाणी ज्या बाटलीत आहे, ती दिवसातून चार वेळा उघडली जाते. सहा महिन्यांत ते स्वतःच उडून जड झालेलं असतं. छोट्या कुप्यांत भरून, सील करून ठेवा, एक कुपी एकदाच वापरा.

सगळे नव्हे पण एखादाच नमुना शेजाऱ्याकडे झुकला असेल तर तो मागच्या नमुन्याचा उरलेला अंश. पानातलं अतिशय जड पाणी मोजून लगेच विहिरीचं घेतलं की असं होतं, हायड्रोजनला जास्त. प्रत्येक नमुना सहा वेळा यंत्रात टोचून पहिले तीन आकडे सोडून द्यायची पद्धत यासाठीच आहे. खाडीचं खारं पाणी थेट टोचलं तर मीठ यंत्राच्या तापत्या भागात साठून हा त्रास आणखी वाढतो.

आणि एवढं सगळं ठीक असेल तर?

मागच्या मे महिन्यात नवी मुंबईहून एक मुलगी आली. रस्त्याकडेच्या झाडांवर प्रकल्प. तिचे करंजाचे बिंदू उजवीकडे, डी-एक्सेस तीन-चार. मी वरचा सगळा पाढा तिला वाचायला लावला. तिने कुप्या तोललेल्या होत्या, घट नव्हती. फांद्या तपकिरी, झाडं पानांनी भरलेली. लाईनमधून पाणी ९९ टक्के निघालेलं. स्पेक्ट्रम स्वच्छ. मला तर थोडा रागच आला, सगळं बरोबर करणाऱ्या विद्यार्थ्यांची मला सवय नाही. मी विचारलं, "झाडं कुठे आहेत नक्की?"

"सोसायटीच्या कुंपणाबाहेर. मॅडम, तिथे खाली कायम ओल असते, उन्हाळ्यातसुद्धा."

जमिनीखालची गळकी पाइपलाइन. नवी मुंबईच्या नळाला मुख्यतः मोरबे धरणाचं पाणी येतं. धरणातलं पाणी ऑक्टोबरपासून उन्हात पसरून पडलेलं, मेपर्यंत ते स्वतःच बाष्पीभवनाच्या रेषेवर उजवीकडे सरकलेलं असतं. तिच्या स्रोतांच्या यादीत पाऊस होता, माती होती, बोअरचं पाणी होतं. नळाचं पाणी नव्हतं. कोणाच्याच यादीत नसतं, कारण ते आपण पितो, झाडं कशाला पितील.

दुसऱ्या दिवशी ती घरच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी कुपीत भरून, तोलून, लेबल लावून घेऊन आली. दोन आठवड्यांनी आकडा आला. करंजाच्या बिंदूंना जाऊन जवळजवळ टेकला.

ठाण्यात करत असाल तर हे आणखी गुंतागुंतीचं आहे, कारण इथे भातसाचं पाणी येतं, बारवीचं येतं, उल्हास नदीचंही येतं, आणि कोणत्या भागात कोणतं, ते सोसायटीच्या सचिवालाही सांगता येत नाही. झाडाजवळच्या नळाची कुपी स्वतः भरून घ्या. आमच्या प्रयोगशाळेच्या बॅगेत आता दहा रिकाम्या कुप्या, सोलायचा चाकू, पॅराफिल्म आणि वर 'नळ' असं आधीच लिहिलेली एक कुपी असते.